आई-बाबांना क्रूझवर न्यायचंय? आधी पहाटेच्या चहाचं बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ७० वर्षांच्या, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी. बाबा ७६, इन्सुलिनवर. बरोबर तुम्ही दोघं आणि ११ वर्षांचा मुलगा. आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत म्हणून डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. आतली खोली घ्यावी की खिडकीची, बोट लागेल का, जेवणाखाण्याचे हाल होतील का, आणि तीन दिवस त्या जहाजात म्हातारी माणसं करणार काय, असं विचारलंय. आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की बाबा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला जायचे, त्याच्या गोष्टी अजून सांगतात, म्हणून हा सगळा खटाटोप. ती शेवटची ओळ लिहिलीत ते बरं केलंत. तिच्याकडे नंतर येतो.

मी १६ वर्षं परदेशी क्रूझ जहाजांवर काढली, सगळी हाऊसकीपिंगमध्ये. केबिन स्ट्युअर्ड, म्हणजे खोल्या आवरणारा, म्हणून चढलो, सुपरवायझर म्हणून उतरलो. आता माझगावला घरी असतो आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात तेव्हा गच्चीवर जातो, एवढाच जहाजाशी संबंध उरलाय. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर मी नोकरी केलेली नाही, पण सासू-सासऱ्यांना घेऊन प्रवासी म्हणून एकदा गेलोय. सासरे त्या वेळी ७४ चे. त्यामुळे झाडू मारणाऱ्याची बाजूही माहीत आहे आणि म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्याचीही.

तुम्ही विचारताय सोयी कोणत्या. जहाजावर सोयींना तोटा नसतो. पूल, थिएटर, जिम, स्पा, दुकानं, मुलांसाठी वेगळी जागा, खायला चार ठिकाणं, हे जाहिरातीत दिसतंच आणि बहुतेक ते खरंही असतं. खरी अडचण वेगळी आहे. त्या सोयी आईंच्या पलंगापासून किती पावलांवर आहेत आणि बाबांना हव्यात त्या वेळी उघड्या आहेत का? सासू-सासऱ्यांच्या वेळी मला हे पहिल्याच पहाटे कळलं. सासरे साडेचारला उठले. घरी ते उठून स्वतःचा चहा स्वतः करतात. खोलीत किटली नाही, खोलीतल्या फोनवर विचारायला इंग्रजी बोलायचा संकोच, आणि बफे उघडायला दीड तास. दीड तास तो माणूस अंधारात पलंगाच्या कडेवर बसून होता. मला उठवलं नाही, कारण "तुमची झोपमोड कशाला." सोळा वर्षं ज्याने जहाजावर लोकांच्या उशा झटकल्या, त्याच्या सासऱ्याला सकाळचा चहा मिळाला नाही. बायको अजून बोलून दाखवते.

म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न विचारा: पहाटे पाच-साडेपाचला चहा कुठे मिळतो? काही जहाजांवर चहा-कॉफीचं मशीन २४ तास चालू असतं, काहींवर बफेबरोबरच उघडतं, काहींवर रूम सर्व्हिसला पैसे पडतात. कंपनीनुसार बदलतं, आणि एकाच कंपनीत मोसमानुसारही बदलतं, म्हणून मी छातीठोक सांगत नाही. पण एक साधा उपाय सगळीकडे चालतो. एक चांगला थर्मास न्या, रिकामा. रात्री जेवून येताना बफेवरून गरम पाणी किंवा चहा भरून आणा. इलेक्ट्रिक किटली मात्र नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. इस्त्री, पाण्यात बुडवायचा हीटर, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळं त्याच रांगेत. जहाजाला बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त असते. भर समुद्रात अग्निशमन दलाला बोलावता येत नाही, जहाजावरची माणसंच अग्निशमन दल असतात.

आगीचं निघालंच आहे तर एक सांगतो, कारण तुमच्याकडे देवपूजेची सवय असणार. माझ्या एका जहाजावर पुण्याकडचं एक कुटुंब होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला मला फोन, अमुक खोलीत धूर. धावत गेलो तर माझ्याआधी आग विझवणारे दोघं जण दारात उभे, आणि आत एक आजी, लेखनाच्या टेबलावर बाळकृष्ण, समोर निरांजन आणि दोन उदबत्त्या. कोणाला काय बोलताहेत ते कळेना. मी मराठीत बोलल्यावर त्या माझ्यावरच उखडल्या: "अरे, देवापुढे दिवा लावलाय, चूल नाही पेटवली!" ऑफिसर शांत होता, पण नियम नियम असतो. निरांजन विझवलं, उदबत्त्या पाण्यात बुडवल्या. मग मी रेस्टॉरंटमध्ये गेलो, टेबलांवर ठेवतात ते बॅटरीवरचे मेणबत्तीसारखे दिवे असतात, त्यातला एक आणून बाळकृष्णापुढे ठेवला. आजींनी तो उलटा करून खालचं बटण बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात जोडले. नंतरचे सहा दिवस रोज संध्याकाळी बटण दाबून शुभं करोति झालं. तेव्हा आईंसाठी असा एक दिवा घरूनच न्या.

आता खोली. लोक खिडकी की बाल्कनी यावर भांडतात, मी जागेवर भांडतो. जहाज लाटेवर सी-सॉसारखं वरखाली होतं. दोन्ही टोकांना जास्त, मध्ये कमी. आणि जितकं वर जाल तितकं डोलणं जास्त. म्हणून खोली लांबीने मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यांवर. दुसरं, खोलीच्या वरच्या मजल्यावरही खोल्याच हव्यात आणि खालीही खोल्याच. वर पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत ढोल. अगदी पुढच्या टोकाला असाल तर धक्क्याला लागताना थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं सरकवणारे पंखे, घरघरतात, सकाळी पाचला वाटतं कोणी गिरणी चालू केली. प्रत्येक कंपनी मजल्यांचे नकाशे देते. तो उघडा, वरचा आणि खालचा मजला ताडून बघा, मगच खोलीचा नंबर घ्या. "नंबर नंतर देऊ" असं स्वस्त तिकीट तुम्हा दोघांना चालेल, आईंना नाही.

तिसरं, लिफ्ट. उदाहरणार्थ, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं मुंबईहून २०२१ पासून नियमित फिरणारं एम्प्रेस हे जहाज. फ्रान्समध्ये बांधलेलं, १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस या नावाने सेवेत आलेलं. आजच्या राक्षसी जहाजांपुढे ते लहानच, पण तरी लांबी २११ मीटर. खोली एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसाला चार-पाच फेऱ्यांत दुखऱ्या गुडघ्यांनी दीड-दोन किलोमीटर सहज होतात. म्हणून लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून खोली घ्या. अगदी लिफ्टला चिकटून नको, तिथे रात्रभर गप्पा चालतात.

हे सगळं जुळलं, तर मग खिडकी. आतल्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा अंधार. तरुण माणसाला त्यात मस्त झोप लागते. ७६ वर्षांचा माणूस रात्री दोनला लघवीला उठला की त्याला भिंत कुठे आणि दार कुठे कळत नाही. त्यात जहाजावरच्या बाथरूमला उंबरा असतो, बऱ्यापैकी उंच, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. माझ्या नोकरीत म्हातारी माणसं पडल्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांतले बहुतेक त्या उंबऱ्यावरचे. ओल्या डेकवर कमी, कारण तिथे माणूस जपून चालतो. म्हणून आई-बाबांना निदान खिडकीची खोली घ्या, आणि तुम्ही तिघं आतल्या खोलीत राहा. पैसे तिथे वाचवा. बाल्कनीचा हट्ट नको. जुन्या जहाजांवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्या असतात आणि त्यांच्या भाडेवाढीत आईंसाठी व्हीलचेअर, विमा आणि गोव्यात स्वतःची गाडी एवढं सगळं बसतं. खिडकी असो वा नसो, बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार इंचभर उघडं ठेवा.

बाथरूममध्येच आहोत तर ते उरकतो, लाज कसली. संडास विमानासारखा, पाण्याने नाही तर हवेच्या ओढीने काम करणारा. एका वेळेला लिटर-दीड लिटर पाणी. आवाज मोठा होतो, पहिल्यांदा आई दचकतील, आधी सांगून ठेवा. त्यात कागदाशिवाय काही टाकायचं नाही. ओला टिश्यू, सॅनिटरी पॅड, उरलेलं जेवण, काहीही गेलं की एका खोलीचं नाही, त्या पाइपवरच्या सगळ्या खोल्यांचं तुंबतं. जेट स्प्रे आहे का ते विचारून घ्या, परदेशी बांधणीच्या जहाजांवर तो असेलच असं नाही. नसला तर एक प्लास्टिकचा मग पिशवीत टाका. हसू नका, माझ्या सासूबाईंनी जहाजाच्या सगळ्या सोयींमध्ये मगाला पहिला नंबर दिला होता. पाणी मात्र निर्धास्त वापरा. जहाज स्वतःचं गोडं पाणी समुद्रापासून बनवतं, इंजिनच्या उष्णतेवर वाफ करून किंवा दाबाने गाळून.

बोट लागणे. बाबांना हा शब्द त्या कोकण बोटीपासून माहीत असेल. लागेल का? डिसेंबरात बहुधा नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंत आपल्याकडचा समुद्र साधारण शहाणा असतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून तो लगेच शांत होत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखादं वादळ अरबी समुद्रात उठू शकतं, आणि पावसाळ्यात तर ही जहाजं मुंबई सोडून पूर्व किनाऱ्याकडे जातात. शिवाय जहाजाच्या पोटाला दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावं-उजवं डोलणं बरंच मारतात. पुढून-मागून होणारं वरखाली मात्र मारत नाहीत.

बोट लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे. कानाच्या आतला तोल सांगतो की आपण हलतोय, आणि बंद खोलीत डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूचा गोंधळ, आणि शिक्षा पोटाला. म्हणून मळमळायला लागलं की माणसं खोलीत जाऊन आडवी पडतात आणि मोबाईल बघतात, ते अगदी उलटं. मोकळ्या डेकवर न्या, मध्यावर उभं करा, क्षितिजाकडे बघायला सांगा. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, टोस्ट. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, आधी घ्यायची असते. पण इथे थांबा. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि बाबांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर त्यातल्या काही चालत नाहीत. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, दुकानदाराला नाही. आईंसाठी आलेपाकाच्या वड्या न्या, आल्याने खरंच बरं वाटतं. बाबांसाठी आल्याचे पातळ काप लिंबू-मीठ लावून वाळवलेले, साखर नको.

इन्सुलिनचं जरा सविस्तर, कारण यात लोक चुकतात. सामान धक्क्यावर दिलं की ते वेगळ्या वाटेने चढतं आणि खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तोवर तुमच्याकडे फक्त हातातली पिशवी. म्हणून इन्सुलिन, सुया, साखर मोजायचं यंत्र, सगळ्यांची तीन नव्हे पाच दिवसांची औषधं, आणि एक बिस्किटाचा पुडा हातात. खोलीतला छोटा फ्रीज बऱ्याच जहाजांवर फ्रीज नसतोच, बाटल्या जेमतेम गार ठेवणारी पेटी असते. पण वापरात असलेलं पेन बहुतेक ब्रँडचं चार आठवड्यांपर्यंत खोलीच्या तापमानाला चालतं, खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं, बघून घ्या. तीन रात्रींसाठी एसी खोलीतला खण पुरेसा आहे. न उघडलेलं जादा पेन नेत असाल तर जहाजाच्या दवाखान्यात ठेवतात का ते आधी ईमेलवर विचारा, उत्तर छापून जवळ ठेवा.

आणि सुया. कचऱ्याच्या डब्यात नका टाकू, कृपा करून. माझ्या दुसऱ्या काँट्रॅक्टमध्ये मी एका खोलीतली कचऱ्याची पिशवी दाबून गाठ मारत होतो आणि तळहातात सुई गेली. पाहुणे भले होते, त्यांनी बिचाऱ्यांनी टिश्यूत गुंडाळून टाकली होती. पण मी पुढचे सहा महिने दर थोड्या दिवसांनी रक्त तपासत होतो आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं. स्ट्युअर्डला सुयांचा पिवळा डबा मागा, न कुरकुरता आणून देतो.

स्ट्युअर्डचं नाव निघालं, तर माझा सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. पहिल्या दिवशी तो दार वाजवून ओळख करून देईल. बहुतेक लोक "थँक यू" म्हणून दार लावतात. तुम्ही पाच मिनिटं बोला. आईंना जाड पांघरूण, पलंग जोडून की वेगळे, अंघोळीला बसायला स्टूल, सुयांचा डबा, मिनीबारमधल्या बाटल्या काढून टाकणं (म्हणजे चुकून उघडली आणि बिलात आली असं होत नाही). हे सगळं फुकट असतं, मागणाऱ्याला मिळतं. तो पोरगा १५-२० खोल्या दिवसातून दोनदा आवरतो, सहा ते नऊ महिने, रविवार नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने आठवड्याला ७२ तास कामाची कमाल मर्यादा आहे, यावरून अंदाज करा. गोव्याकडचा निघाला तर बाबांशी बोलेलही, तिकडे आम्हा लोकांना तारवटी म्हणतात.

जेवणाचे हाल होणार नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं. मात्र बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि पहिल्या जेवणाला रेस्टॉरंटच्या मुख्य माणसाला भेटून पुन्हा सांगा. अडचण पदार्थांची नाही, पंगतीची आहे. रात्रीच्या जेवणाला बऱ्याच जहाजांवर दोन पंगती असतात, एक सातच्या आसपास, दुसरी नऊच्या. बाबांसाठी पहिलीच घ्या. आणि इन्सुलिन खोलीत टोचून निघू नका. लिफ्टला गर्दी, दारात रांग, ऑर्डर यायला वेळ, एवढ्यात साखर घसरते. ताट समोर दिसलं की मग, अर्थात डॉक्टरांनी तसं घ्यायला सांगितलेलं इन्सुलिन असेल तर. बफेला जाताना हात साबणाने धुवा. दारातला माणूस सॅनिटायझर फवारतो ते ठीक, पण जहाजावर पोट बिघडवणारा जो नोरोव्हायरस असतो तो सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही, साबण-पाण्याला जुमानतो.

घरचा डबा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं कोरडं चालतं बहुधा. लाडू-चिवड्याचा डबा गेटवर अडवला तर वाद घालू नका.

आता तीन दिवस करणार काय. मुलाचं सोडा, तो पहिल्या दोन तासांत हरवेल आणि जेवायलाच सापडेल. फक्त त्याच्या कार्डावर खर्चाची परवानगी बंद करून घ्या, जहाजावर रोख पैसा चालत नाही, खोलीचं कार्डच पाकीट असतं. कॅसिनो वगैरे किनाऱ्यापासून बारा सागरी मैल गेल्यावर उघडतात, तुमच्या यादीत ते नाहीच. मोबाईल सगळ्यांचे फ्लाइट मोडवर टाका. किनाऱ्याची रेंज गेली की जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतं आणि रोमिंगचं बिल घरी पोचतं. बाबांचा फोन तर आधी.

आई-बाबांना दिवसभर फिरवू नका. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक येतं, कागदावर किंवा ॲपवर. त्यातल्या दोनच गोष्टी निवडा, एक सकाळची, एक संध्याकाळची. बाकी वेळ त्यांना एक जागा द्या. प्रत्येक जहाजावर अशी एक जागा असते: खिडकीशी खुर्च्या, गाणं मोठं नाही, बाथरूम जवळ, चहा जवळ. पहिल्या संध्याकाळी तुम्ही एकट्या फिरून ती शोधून ठेवा. माझे सासरे तीन दिवस एकाच खुर्चीत बसले, समुद्र बघत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारत, आणि घरी येऊन म्हणाले की इतकं फिरणं कधी झालं नव्हतं. थिएटरमध्ये जाल तर शाल न्या, एसी बोचरा असतो.

गोव्याच्या दिवशी माझं मत बहुतेकांच्या उलटं आहे. जहाज मुरगावला लागतं. वास्को जवळ, पणजी नाही. सगळं जहाज उतरतं, बसमध्ये कोंबलं जातं, दोन देवळं आणि एक बीच करून उन्हात भाजून परततं. त्या सहा-सात तासांत जहाज रिकामं असतं. पूलला कोणी नाही, लिफ्ट हाकेला येते, स्पा त्या दिवशी बऱ्याचदा स्वस्त. आईंचे गुडघे बघता त्यांनी तो दिवस जहाजावर काढावा, तुम्ही तिघं फिरून या. बाबांना उतरायचंच असेल तर गाडी आधी ठरवा, दोन तास, आणि परत. लक्षद्वीपचा विचार डोक्यात असेल तर तो मात्र या गुडघ्यांनी नको. तिथे जहाज बेटाला लागत नाही, समुद्रातच छोट्या होडीत उतरावं लागतं.

चढण्याच्या दिवसाबद्दल थोडंसं. २०२५ मध्ये इंदिरा डॉकला नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालंय, तेव्हा कुठल्या गेटने जायचं ते तिकिटावर नीट वाचा, जुन्या आठवणीवर टॅक्सी सोडू नका. व्हीलचेअर आदल्या आठवड्यात लिहून मागा, त्या दिवशी मागितली तर तासभर उभं राहावं लागतं. आईंना व्हीलचेअरची लाज वाटेल. त्यांना सांगा, रांगेपुरतीच आहे. सुटण्याच्या सुमाराला सुरक्षेची कवायत होते, सात छोटे भोंगे आणि एक लांब. ती चुकवायची नाही. तिथल्या माणसाला आईंच्या गुडघ्यांबद्दल सांगा. खरंच काही झालं तर लिफ्ट वापरत नाहीत, आणि जिना उतरायला कोणाला मदत लागेल याची यादी त्यांच्याकडे असायला हवी.

आणि आता बाबांची ती ओळ. त्यांच्या मनात जी बोट आहे ती किनाऱ्याकिनाऱ्याने जायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, प्रत्येक बंदरात भोंगा द्यायची, पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे, माणसं आणि ट्रंका खाली उतरायच्या. क्रूझचं जहाज तसं जात नाही. ते दूर समुद्रातून जातं, आणि कोकण बहुतेक रात्रीत सरतं. विजयदुर्ग दिसेल असं त्यांना चुकूनही सांगू नका. दिसलेच तर लांबवरचे दीपगृहांचे ठिपके दिसतील.

पण सुटतानाचा एक तास त्यांचा आहे. जहाज दक्षिणेला निघतं, म्हणून मुंबई उजव्या हाताला राहते. सगळे पूलच्या डेकवर डीजेकडे धावतात, तुम्ही बाबांना एखाद्या खालच्या मोकळ्या डेकवर, उजव्या कठड्याशी न्या. गेटवे, ताज, कुलाबा, आणि सगळ्यात शेवटी प्राँग्जचं दीपगृह, १८७५ सालचं. भाऊच्या धक्क्याहून निघालेली त्यांची बोटही याच पाण्यातून बाहेर पडायची. त्यानंतर डाव्या बाजूला या. अलिबागजवळच्या थळच्या समोर खांदेरी, बेटावरचा किल्ला. डिसेंबरात तोवर अंधार झाला असेल, तिचा दिवाच दिसेल. २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यांत ही खांदेरी आहे आणि बाबांचा विजयदुर्गही आहे, तेवढं त्यांना तिथे सांगा. पुढचं तेच बोलतील. थर्मास आणि शाल बरोबर असू द्या, वारा असतो.

एक विचारायचं राहिलं. आईंचे गुडघे नुसते दुखतात, की जिना चढताना कठडा धरावाच लागतो? आणि बाबा रात्री किती वेळा उठतात? एवढं कळवा, आणि जहाजाच्या मजल्यांचा नकाशा मिळाला तर तोही टाका. खोलीचा नंबर बघून सांगतो.